अद्भुत कथेचे जग पडद्यावर खरे कधी वाटते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी त्याचा अर्थ बरोबर लावला आहे की नाही हे तुम्हाला पडताळता येईल. तुम्ही इंदूरचे, दोन मित्रांबरोबर एका जाडजूड अद्भुतरम्य कादंबरीची पटकथा करायला बसला आहात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग तुम्ही हिंदीत तिसऱ्यांदा पाहिलेत आणि तिसऱ्यांदाही शेवटी गळा दाटून आला, उलट अलीकडे थिएटरात पाहिलेल्या आपल्याकडच्या एका अतिखर्चिक पौराणिक चित्रपटात युद्ध ऐन रंगात असताना तुम्ही खिशातून मोबाइल काढून किती वाजले ते पाहिले. तेव्हा तुमची विचारणा अशी, की हा फरक पैशाचा आहे, तंत्राचा आहे, की मूळ पुस्तकाशी इमान राखण्याचा.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो आणि गेली सत्तावीस वर्षे कलादिग्दर्शनाचे काम करतो आहे. त्यात नाटकांचे नेपथ्य आले, जाहिराती आल्या आणि मोठा हिस्सा पौराणिक मालिकांचा आला. त्यामुळे माझे उत्तर सुतार आणि पेंटर यांच्या बाजूने येणार, हे गृहीत धरूनच पुढे वाचावे. एखादा संकलक हाच प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवील आणि तोही चुकीचा नसेल.

तुम्ही एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, आपण त्या जगात गुंगून जातो ते कशाने. दुसरी, तीन तास (किंवा तीन भागांचे नऊ तास) दिल्यावर आपल्याला काहीतरी मिळाले असे वाटते ते कशाने. बहुतेक चर्चांत या दोन्ही वेगळ्या धरतात: गुंगवणे हे कलादिग्दर्शनाचे, ध्वनीचे आणि संगणकीय दृश्यांचे काम, तर समाधान देणे हे पटकथेचे. माझा अनुभव असा, की ते एकच खाते आहे. चित्रपटाच्या पहिल्या तासात त्या जगातल्या वस्तू, नियम आणि वाटा आपल्या अंगवळणी पडतात, तेव्हा त्या खात्यात भरणा होत असतो, आणि शेवटच्या तासात त्याच वस्तू, त्याच नियमांमुळे कुणाचे तरी काहीतरी पणाला लागते, तेव्हा आपण त्यातून काढत असतो. तुम्ही पाहिलेल्या त्या दुसऱ्या चित्रपटात भरणाच झालेला नव्हता, म्हणून युद्धाच्या वेळी काढायला काही उरले नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधीच मान्य करतो. पुस्तक वाचलेला प्रेक्षक आणि न वाचलेला प्रेक्षक एकच चित्रपट पाहत नाहीत. वाचलेला मनातल्या चित्राशी ताडून पाहत असतो, आणि त्याला गुंगवणे अवघड पण समाधान देणे सोपे असते. घरच्या पडद्यावर, फोन हाताशी असताना, डबिंगच्या आवाजात पाहणे वेगळे आणि अंधाऱ्या थिएटरात पाहणे वेगळे. शिवाय वयाचा भाग आहेच. तेरा-चौदाव्या वर्षी पाहिलेल्या चित्रपटाला आपण उरलेले आयुष्य थोडे झुकते माप देतो, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो, आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो. कारकिर्दीच्या सुरुवातीला दक्षिण गुजरातेतल्या एका स्टुडिओत मी एका पौराणिक मालिकेसाठी राजसभेचा सेट उभा केला होता. पीओपीचे खांब, फायबरचे सिंह, प्लायच्या पायऱ्या आणि सगळ्यावर सोनेरी रंगाचे दोन हात. दिग्दर्शक खूश, निर्माते खूश, मीही खूश. भाग प्रसारित झाला तेव्हा मी मुद्दाम घरी आलो आणि आईशेजारी बसून तो पाहिला. आईने पाच मिनिटे पाहिले आणि विचारले, “हा राजा कालच राहायला आलाय का रे?”

तो प्रश्न मला पुढची कित्येक वर्षे पुरला. सिंहासनाच्या हातांवर राजा रोज हात टेकत असेल, तर तिथले सोने झिजून खालचे लाकूड डोकावायला हवे होते. पायऱ्यांच्या मधोमध पावले पडतात, कडेला पडत नाहीत. मशाली रोज रात्री जळतात, मग त्यांच्या वरच्या भिंतीवर काजळी कुठे आहे? पुढच्या कामात मी जोशात येऊन सगळ्याच वस्तूंवर पॉलिश पेपर मारला, चहाचे पाणी आणि मातकट रंग फवारला, आणि तेव्हाही फसलो, कारण सगळीकडे सारखीच झीज दिसली की ती झीज वाटत नाही, नुसती घाण वाटते. आमच्या धंद्यात याला एजिंग म्हणतात, आणि ते शिकायला एक म्हातारे पेंटरकाका भेटले, ज्यांनी मला एक तलवार हातात देऊन दिवसभर ती घेऊन हिंडायला लावले. संध्याकाळी मुठीवरचे कातडे जिथे घामाने काळवंडले होते तेवढ्याच जागा त्यांनी खडूने आखल्या आणि म्हणाले, बाकी कशाला हात लावू नकोस. अंगठ्याखाली एक, तर्जनीच्या मुळाशी एक आणि तळहाताच्या टाचेपाशी एक, अशा तीनच जागा होत्या.

तुम्हाला आवडलेल्या त्या तीन चित्रपटांकडे या नजरेने पाहा. पीटर जॅक्सन आणि त्याच्या चमूने न्यूझीलंडमधल्या माटामाटाजवळच्या एका शेतावर हॉबिट या बुटक्या, शेतीवाडीत रमणाऱ्या लोकांचे गाव उभे केले, ते चित्रीकरणाच्या जवळपास वर्षभर आधी, म्हणजे कुंपणाची झुडपे आणि भाजीचे वाफे खरोखर वाढून स्थिरावावेत. पडद्यावर ते गाव मोजकी मिनिटे दिसते, पण बागेत काल आणून टोचलेली रोपे नाहीत हे आपला डोळा ओळखतो, भले कारण सांगता न येवो. थेओडेन राजाच्या चिलखताच्या आतल्या बाजूलाही नक्षी होती, जी कॅमेऱ्याला कधीच दिसणार नव्हती. ती नटासाठी होती, तो ते चिलखत कसा पेलतो यासाठी होती. आरागॉर्नची भूमिका करणारा व्हिगो मॉर्टेन्सन आपला पोशाख फाटला की स्वतःच शिवत असे. यांतली कोणतीही गोष्ट पडद्यावर बोट दाखवून सांगितलेली नाही, आणि तिचा परिणाम होतो तो त्यामुळेच.

आपल्याकडच्या चित्रपटांत नेमके उलटे घडते. कॅमेरा महालाभोवती फिरतो, पात्रेही त्या महालाकडे पाहुण्यासारखी पाहतात आणि पार्श्वसंगीत सांगते की बघा किती भव्य. पण जो त्या महालात जन्मला तो छताकडे कशाला पाहील? तो चालता चालता खांबाला हात लावील, उंबरठ्यावर पाय न देता ओलांडील, दासीला नावाने हाक मारील. पात्रे आपले जग न बघता वापरू लागली की प्रेक्षक ते बघू लागतो. माझ्याकडे पटकथा वाचायला येते तेव्हा मी सर्वांत आधी हेच शोधतो: पहिल्या वीस पानांत कुणी काही वापरले आहे का, की सगळे फक्त वर्णन आहे.

याला एक इतिहास आहे आणि तो आमच्या गावातून जातो, म्हणून थोडे विषयांतर करतो. सयाजीराव महाराजांसाठी राजा रविवर्म्याने इथे पुराणप्रसंगांची चित्रे काढली. १८९०च्या सुमारास दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकत होते. पुढे त्यांनी रविवर्म्याच्या छापखान्यातही काम केले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला. म्हणजे आपल्या देवादिकांचा पडद्यावरचा चेहरामोहरा कुठून आला हे शोधताना माणूस बडोद्याला पोहोचतोच. रविवर्म्याची चित्रे जवळून पाहिलीत तर लक्षात येईल, की त्याने साडीचा काठ, तिचा पडलेला चुण्यांचा भार, दागिन्याचा ठसा हे सगळे खऱ्या वस्तू समोर ठेवून रंगवले आहे. नंतरच्या लोकांनी साड्या पाहिल्या नाहीत, रविवर्म्याची चित्रे पाहिली. त्यांच्या नंतरच्यांनी कॅलेंडरे पाहिली. आणि आताचे लोक कॅलेंडरांवरून बनलेल्या मालिका पाहतात. नकलेची नक्कल होताना सर्वांत आधी झीज आणि वजन निघून जाते. याउलट रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रे पाहा: पुराणातल्या प्रसंगांशेजारीच त्या काळातले मराठे आणि इंग्रज रंगवलेले आहेत, कारण चित्रकाराला देवांचे जग आपल्या जगापासून फार लांब आहे असे वाटतच नव्हते. कुणी बडोद्याला आले की मी आधी तिकडे नेतो, लक्ष्मी विलास राजवाडा नंतर.

वस्तूंविषयी इतके पुरे. नियमांविषयी मात्र जरा सविस्तर बोलायला हवे, कारण तुमच्या कादंबरीत जादू आहे असे तुम्ही लिहिले आहे आणि बहुतेक रूपांतरे इथेच बुडतात.

जादू काय करू शकते हे सांगणे सोपे असते. ती काय करू शकत नाही आणि तिची किंमत कोण मोजतो, हे सांगितल्याशिवाय प्रेक्षकाला काळजी वाटू शकत नाही. खरे तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या पुराणांत अट नसलेला वर सापडत नाही आणि उतारा नसलेला शापही क्वचितच सापडतो. हिरण्यकशिपूच्या वरात दिवस-रात्र, घर-अंगण, माणूस-पशू असे सगळे बंद केलेले असते, म्हणून तर संध्याकाळी उंबरठ्यावर प्रकटलेला नरसिंह ऐकणाऱ्याला पटतो. त्याला नुसते बलवान म्हटले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. कर्णाची विद्या ऐनवेळी आठवणार नाही हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते, म्हणून रथाचे चाक रुतले की पोटात कालवते. इतकी शिस्तबद्ध परंपरा असलेल्या देशातल्या चित्रपटांत एका बाणातून हजार बाण निघतात, समोरून दुसरा बाण येऊन ते हजार विझवतो आणि दोघांनाही त्याचे काही वाटत नाही, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर ‘तुंबाड’ (२०१८) पाहा. हस्तर हा सोन्याचा लोभी शापित देव, पिठाचे रिंगण, पिठाची बाहुली आणि लंगोटातून पडणाऱ्या सोन्याच्या मोहरा: हे सगळे नियम आपल्याला कुणी भाषण देऊन शिकवत नाही, विनायक खाली उतरतो आणि आपण त्याच्या हातांच्या घाईवरून ते शिकतो. मग लोभापायी एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेण्याची कल्पना निघते, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर आल्यावर आपण दचकतो, पण फसवले गेलो असे वाटत नाही. नियम आपल्याला माहीत होता, फक्त त्याचा हा अर्थ आपण काढला नव्हता. तो चित्रपट कित्येक पावसाळे थांबून खऱ्या पावसात चित्रित झाला, आणि त्या ओल्या वाड्याच्या भिंती पाहताना माझ्यासारख्या माणसाला हेवा वाटतो, पण नुसत्या पावसाने तो तरला नसता.

इथे लहानपणची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागातल्या राममंदिरात उत्सवात कीर्तन असायचे, आणि एका वर्षी बुवांनी उत्तररंगात लंकादहन लावले होते. नेपथ्य शून्य. एक पेटी, एक तबला, बुवांच्या हातात झांजा आणि खांद्यावर उपरणे. मारुतीला रावणापुढे उभा करताना बुवांनी उपरण्याचे टोक मागे सोडले, आणि त्या क्षणापासून ते शेपूट झाले. चैत्रातला उकाडा, बुवा घामाने निथळत होते. पण आख्यान संपेपर्यंत त्यांनी त्या उपरण्याने एकदाही कपाळ पुसले नाही, बाराबंदीच्या बाहीने पुसले. आरतीच्या वेळी मात्र तेच उपरणे घेऊन त्यांनी मान, तोंड, सगळे खसखसून पुसले, तेव्हा मला झोपेतून जागे झाल्यासारखे वाटले होते. आज एखाद्या सेटवर कंटिन्युइटीवरून, म्हणजे एका शॉटमधले दुसऱ्यात जुळते की नाही यावरून, वाद झाला, की मला ती बाही आठवते. प्रेक्षकाशी केलेला करार बुवांनी पाऊण तास पाळला, आणि त्यासाठी त्यांना एक पैसाही लागला नाही.

आता रूपांतराकडे, म्हणजे पुस्तकाशी इमान राखण्याकडे. तुमच्या मित्राचे म्हणणे असे दिसते, की एकही प्रसंग सोडू नये, आणि तुम्हाला ते पटत नाही पण खोडता येत नाही. त्याला पुढचे उदाहरण द्या.

टोल्कीनच्या कादंबरीत, जी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली, टॉम बॉम्बाडिल नावाचे एक लाडके पात्र आहे. चित्रपटातून ते पूर्णपणे वगळले आहे, आणि कादंबरीच्या शेवटी हॉबिटांच्या गावावर आलेले संकटही वगळले आहे. यावरून चाहते आजही भांडतात. पण त्याहून बोधप्रद गोष्ट वगळलेली नाही, हलवलेली आहे. अंगठीच्या मोहाने विद्रूप झालेल्या गॉलमला मारून टाकायला हवे होते असे फ्रोडो, म्हणजे ती अंगठी नष्ट करायला निघालेला हॉबिट, म्हणतो आणि जादूगार गॅन्डाल्फ त्याला दयेविषयी जे सांगतो, ते संभाषण पुस्तकात अगदी सुरुवातीला, घरात बसून, प्रवास सुरू होण्यापूर्वी होते. वाचकाला तिथे ते चालते, कारण वाचक मागची पाने उलटू शकतो. चित्रपटात ते मोरियाच्या अंधाऱ्या खाणीत येते, वाट चुकून सगळे बसले आहेत आणि खाली गॉलम माग काढत येताना दिसतो आहे, अशा वेळी. वाक्ये बरीचशी तीच आहेत. पण आता ती दया कुठल्या तरी ऐकीव प्राण्याविषयीची राहिलेली नाही, डोळ्यांसमोर सरपटणाऱ्या एका जिवाविषयीची झाली आहे. शेवटी तिसऱ्या भागात, अग्निपर्वताच्या तोंडाशी, फ्रोडोला अंगठी टाकवत नाही, आणि काम पुरे होते ते गॉलम जिवंत ठेवला गेला म्हणून. पहिला भाग २००१चा, तिसरा २००३चा. प्रेक्षकाने दोन वर्षे मनात ठेवावे असे ते संभाषण होते, म्हणून ते अशा ठिकाणी नेऊन ठेवले जिथे ते विसरणे अवघड जाईल. तुमचा गळा दाटतो तो तिथे दाटतो, आणि त्याची तयारी खाणीतल्या त्या दोन मिनिटांत झालेली असते.

म्हणून इमान कशाशी राखायचे, याचे माझे उत्तर असे: प्रसंगांशी राखण्यापेक्षा देण्याघेण्याशी राखावे. पुस्तकात कोणी काय दिले, काय गमावले आणि ते कुठे परत आले, याची यादी करा. ती यादी शाबूत राहत असेल तर प्रसंग हलवा, जोडा, वगळा. ती मोडत असेल तर एक ओळ बदलतानाही दहादा विचार करा.

दुसरे, कुणाच्या डोळ्यांनी पाहायचे ते ठरवा. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही तमिळ कादंबरी १९५० ते १९५४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात चोळ घराण्यातल्या इतक्या लोकांची गुंतागुंत आहे, की वंशावळ मांडीवर घेऊन वाचावी लागते. पण कल्कींनी वंदियदेवन नावाच्या एका तरुण स्वाराला निरोप देऊन राज्यभर फिरवले आणि वाचकाला त्याच्या घोड्यावर मागे बसवले. मणिरत्नमने २०२२ आणि २०२३ मध्ये दोन भागांत चित्रपट केला तेव्हाही त्याने हा निरोप्या हातचा सोडला नाही. हॉबिटही तेच काम करतात: त्यांना जग ठाऊक नाही, म्हणून त्यांना सांगण्याच्या निमित्ताने आपल्यालाही कळते. तुमच्या कादंबरीत असा अडाणी प्रवासी नसेल तर कुणाला तरी करावे लागेल, नाहीतर पहिला अर्धा तास निवेदनात जाईल.

भूगोल हा तिसरा मुद्दा, आणि युद्धे फसतात ती प्रामुख्याने इथे. दुसऱ्या भागातल्या हेल्म्स डीपच्या लढाईत किल्ल्याची भिंत कुठे, गुहेत बायकामुले कुठे, सांडपाण्याचा मोरीवजा मार्ग भिंतीच्या तळाशी कुठे, हे आपल्याला लढाईपूर्वी कळलेले असते. स्फोटक भुकटीजवळ मेणबत्ती नेणाऱ्याचा हात झटकन मागे ओढला जातो, तो छोटासा प्रसंगही आधी येऊन गेलेला असतो. म्हणून त्या रात्री एक जण मशाल घेऊन त्या मोरीकडे धावत सुटतो तेव्हा काय होणार हे आपल्याला कळते आणि थांबवता येत नाही. तुम्ही ज्या चित्रपटात घड्याळ पाहिले त्यात शत्रूचे सैन्य किती होते हे तुम्हाला आठवत असेल, पण ते नगराच्या कोणत्या बाजूने आले हे आठवते का? मला शंका आहे. कागदावर नकाशा काढल्याशिवाय युद्ध लिहू नका. मी तर मुगाच्या डाळीचे सैनिक करून जेवणाच्या टेबलावर मांडतो आणि घरच्यांच्या शिव्या खातो.

ध्वनीत माझा अधिकार नाही, तरी एक सांगतो. त्याच लढाईतल्या सैन्याच्या गर्जनेसाठी जॅक्सन वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये क्रिकेटच्या सामन्याला गेला आणि मध्यंतरात सुमारे २५,००० प्रेक्षकांकडून त्या राक्षसी भाषेतल्या घोषणा वदवून घेतल्या. मैदानातल्या गर्दीचा आवाज कसा असतो ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. संगणकाने शंभर आवाजांचे हजार करता येतात, पण खऱ्या गर्दीत कुणी उशिरा सुरू करतो, कुणाचा आवाज फाटतो, आणि कानाला विश्वास वाटतो तो त्या ओबडधोबडपणामुळे. भाषेचेही तसेच. ‘बाहुबली’साठी मदन कार्कींनी कालकेय या शत्रुटोळीची किलिकी ही भाषा रचली, तिचा अर्थ न कळताही ती लक्षात राहते, कारण बोलणारा ती रागाने, सवयीने बोलतो, पाठ केल्यासारखी बोलत नाही.

पैसा आणि तंत्र यांना मी मुद्दाम शेवटी ठेवले. त्यांनी फरक पडत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. लहान अंगाचे हॉबिट दाखवायला एकाच घराचे दोन मापांचे सेट लागतात, आणि ते खर्चाचेच काम आहे. पण जॅक्सननेच २०१२ मध्ये ‘द हॉबिट’चा पहिला भाग सेकंदाला ४८ चौकटींच्या वेगाने चित्रित केला, नेहमीच्या दुप्पट, तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांची तक्रार आली की हे नाटकाच्या सेटसारखे दिसते आहे. चित्र जितके स्वच्छ, तितका रंगाचा ब्रश उघडा पडतो. आमच्या पेंटरमंडळींत त्या काळी यावर फार चर्चा झाली होती आणि सगळ्यांनाच आतून थोडे बरे वाटले होते, हे कबूल करतो.

लांबीविषयीही तुम्ही विचारले आहे. तिसरा भाग थिएटरात २०१ मिनिटांचा होता, विस्तारित आवृत्ती त्याहून बरीच मोठी आहे, आणि शेवट संपता संपत नाही ही त्यावरची जुनी तक्रार आहे. मला ती पटत नाही. इतके चालून आलेल्या माणसांना घरी परतून, आपल्याच गावच्या खानावळीत, पेला हातात धरून गप्प बसलेले पाहणे मला हवे असते; आजूबाजूचे लोक हसतखेळत असतात आणि या चौघांना काय झाले हे तिथे कुणालाच ठाऊक नसते. तो प्रसंग कापला असता तर थोडा वेळ वाचला असता आणि किंमत मोजल्याची खूण गेली असती. मात्र पहिल्या भागाची थिएटरातलीच आवृत्ती मला अधिक बांधीव वाटते. हा माझ्या आवडीचा भाग झाला.

तुमच्या पटकथेसाठी आता प्रत्यक्षातले. आधी हक्क तपासा. तुम्ही कादंबरीचे नाव लिहिलेले नाही, पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात आणि अनुवादकाचे हक्क वेगळे मोजतात. ते गुंतागुंतीचे निघाले तर हात बसवण्यासाठी नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मधले एखादे प्रकरण घ्या. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, म्हणजे तिथे अडचण नाही, आणि अद्भुताची हौस आपल्या आजोबा-पणजोबांना किती होती तेही कळेल.

मग एक वस्तू निवडा. तलवार, किल्ली, पाण्याचा गडू, काहीही. ती तीन प्रसंगांत आणा: पहिल्यात कुणीतरी तिच्याकडे न बघता ती वापरतो, दुसऱ्यात ती नसल्यामुळे अडते, आणि तिसऱ्यात तिच्यासाठी कुणाला तरी काही सोडावे लागते. संवाद शक्य तितके कमी. हे तिघांनी वेगवेगळे लिहा आणि एकमेकांना वाचून दाखवा. सगळे प्रसंग लिहायचे की नाही हा तुमच्या मित्राबरोबरचा वाद त्यातूनच बराचसा मिटेल.

आणि लिहायला बसण्यापूर्वी एका सकाळी, दुकाने उघडायच्या आत, तुमच्या इंदूरच्या राजवाड्याच्या त्या मोठ्या लाकडी दारापाशी अर्धा तास उभे राहा. लोखंडी खिळ्यांपैकी कोणते हात लागून गुळगुळीत झाले आहेत, दगड कुठे खोलगट झाला आहे, आत शिरताना माणसे नकळत कोणत्या बाजूला सरकतात, हे वहीत टिपा. नंतर तुमच्या कादंबरीतल्या नगराच्या दाराचा पहिला प्रसंग लिहा आणि तेवढेच एक पान मला पाठवा. बाकीची पटकथा सध्या नको.